दुसरी प्रत आणि पहिली आज्ञा

१

मराठीच्या अध्यापकांनी संगणकाच्या ‘बूट ड्राइव्ह’विषयी लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. तरीही हा विषय आम्ही हेतुपूर्वक निवडला आहे. गेल्या काही वर्षांत अभ्यासकांच्या घरी एक नवे उपकरण येऊन बसले आहे, ते म्हणजे घरगुती सर्व्हर. कुणाकडे तो जुन्या डेस्कटॉपचा केलेला असतो, कुणाकडे २०१२ साली बाजारात आलेल्या ‘रास्पबेरी पाय’सारखा तळहाताएवढा असतो. त्याला जोडलेल्या मोठ्या डिस्कवर जुन्या नियतकालिकांचे स्कॅन असतात, जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे असतात, पोथ्यांची छायाचित्रे असतात. या मोठ्या डिस्कची काळजी बहुतेक जण घेतात. तिची नक्कल करून ती दुसरीकडे ठेवतात.

परंतु हे यंत्र सुरू होते ते या मोठ्या डिस्कवरून नव्हे. ते सुरू होते एका वेगळ्या, लहान डिस्कवरून किंवा मेमरी कार्डावरून. तिच्यावर यंत्राची कार्यप्रणाली असते. कोणती डिस्क कोठे जोडायची, कोणाला काय पाहू द्यायचे, याची नोंद असते. पुष्कळदा सर्व सामग्रीची सूचीही तेथेच असते. ही लहान डिस्क बंद पडली तर मोठ्या डिस्कवरील एक अक्षरही नष्ट होत नाही, आणि तरीही ते अक्षर वाचता येत नाही. कोठार भरलेले असते, पण किल्ली हरवलेली असते. म्हणून जाणकार मंडळी या लहान डिस्कची एक तयार, अद्ययावत प्रत कपाटात ठेवतात. मूळ डिस्क दगावली की ती काढायची, प्रत लावायची, आणि काम पुढे चालू करायचे.

या साध्या सवयीमागे एक इतिहास आहे, आणि त्यातील प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला परके नाहीत. प्रत कशाला म्हणायचे? दोन प्रती स्वतंत्र केव्हा मानायच्या? मजकूर शिल्लक राहणे आणि तो वाचता येणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा विचार केला आहे.

२

‘बूट’ हा शब्द एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अवशेष आहे. स्वतःच्या बुटांचे पट्टे ओढून स्वतःलाच वर उचलणे, म्हणजे अशक्य गोष्ट करणे, असा त्याचा अर्थ होता. संगणकशास्त्रज्ञांनी तो उचलला, कारण त्यांच्यापुढे नेमकी तशीच अडचण होती. संगणकात आज्ञावली भरायची तर ती वाचून घेणारी दुसरी आज्ञावली आत आधी असावी लागते. मग ती पहिली आज्ञावली आत आणायची कोणी?

केंब्रिज विद्यापीठातील ‘एडसॅक’ या यंत्राने मे १९४९ मध्ये पहिले गणित सोडवले, तेव्हा या प्रश्नाला एक सुबक उत्तर मिळाले होते. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने केवळ ३१ आज्ञांचा एक संच रचला होता. टेलिफोन केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर तो तारांनी कायमचा जोडून ठेवलेला होता. बटण दाबले की त्या आज्ञा स्मृतीत उतरत आणि कागदी फितीवरची पुढील आज्ञावली वाचून घेत. त्यांना ‘आरंभीच्या आज्ञा’ असे नाव होते. प्रत्यक्ष गणितात त्यांचा काहीच वाटा नव्हता, पण त्यांच्यावाचून कोणतेही गणित सुरू होऊ शकत नव्हते.

सर्वच यंत्रांना ही सोय नव्हती. १९६५ साली आलेल्या ‘पीडीपी-८’ या संगणकाच्या प्रारंभीच्या वापरकर्त्यांना यंत्राच्या दर्शनी भागावरील खटके एकेक वरखाली करून आरंभीच्या आज्ञा हाताने भराव्या लागत. रोज हे काम करणाऱ्यांना त्या मुखोद्गत होत. म्हणजे यंत्राच्या आरंभाची प्रत यंत्रात नव्हती. ती माणसाच्या पाठांतरात होती. १९७५ सालची पॉल ॲलन यांची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. ‘अल्टेअर’ या संगणकासाठी लिहिलेली बेसिक भाषा दाखवायला ते विमानाने अल्बुकर्कीला निघाले होते. भाषेची कागदी फीत बरोबर होती. फीत वाचून घेणाऱ्या आरंभीच्या आज्ञा मात्र लिहिलेल्याच नाहीत, हे त्यांच्या वाटेत ध्यानात आले. विमान उतरण्यापूर्वी त्यांनी त्या कागदावर लिहून काढल्या. ग्रंथ सोबत होता. तो उघडण्याची युक्ती ऐन वेळी रचावी लागली.

आपल्यापैकी पुष्कळांनी ज्या फ्लॉपीवर प्रबंधाची प्रकरणे साठवली, तिचा जन्मही याच गरजेतून झाला. १९६७ साली आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत एक काम हाती घेण्यात आले. मोठ्या संगणकांच्या अंतर्गत आज्ञा यंत्रात भरण्यासाठी, आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या ग्राहकाकडे टपालाने धाडण्यासाठी, एखादे स्वस्त साधन हवे होते. डेव्हिड नोबल यांच्या देखरेखीखाली आठ इंच व्यासाची लवचीक चकती तयार झाली आणि १९७१ मध्ये ती बाजारात आली. ती फक्त वाचता येत असे. तिच्यावर वापरकर्त्याला काही लिहिता येत नसे. म्हणजे फ्लॉपी मुळात यंत्र जागे करण्याचे साधन होती. मजकूर साठवण्याचे साधन ती नंतर झाली. पुढच्या पिढीच्या घरगुती संगणकांजवळ ‘बूट फ्लॉपी’ ठेवलेली असे, आणि सावध माणसाजवळ तिची दुसरी प्रत असे. आजची सुटी बूट ड्राइव्ह ही त्याच परंपरेची वारस आहे.

३

आता आपल्या वाङ्मयेतिहासाकडे वळू. ‘लीळाचरित्रा’ची कथा मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते, पण ती या दृष्टीने पाहिली जात नाही. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या माणसांना भेटून आठवणी जमवल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. तेराव्या शतकाच्या अखेरीस हा ग्रंथ सिद्ध झाला. महानुभाव परंपरेनुसार चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या परचक्रात, पंथाचे लोक पांगले असता, त्याची मूळ प्रत नाहीशी झाली. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांनी त्या पुन्हा सांगितल्या आणि त्यांवरून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. त्यातूनच लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ उत्पन्न झाले. हिराइसेच्या पाठाला परंपरेत मान आहे, तो तिच्या स्मरणशक्तीमुळे.

या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, ग्रंथ वाचला तो त्याची प्रत वेगळ्या माध्यमात होती म्हणून. कागदावर जे संकट आले ते पाठांतरावर आले नाही. दुसरी अशी की, अशा रीतीने परत मिळालेला ग्रंथ एकसारखा राहत नाही. प्रत्येक स्मरणाने आपला ठसा उमटवला, आणि पुढच्या अभ्यासकांना अनेक पाठांमधून वाट काढावी लागली. १९७८ साली वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र प्रसिद्ध झाले, ते असा पाठांचा पसारा आवरूनच. प्रत वेळच्या वेळी मूळ ग्रंथाशी ताडलेली नसेल तर संकटानंतर मिळते ती पुनर्रचना असते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली बूट ड्राइव्हची प्रतही यंत्र सुरू करते, पण सहा महिन्यांपूर्वीचेच यंत्र सुरू करते. मधल्या काळात जोडलेली डिस्क, बदललेले परवलीचे शब्द, वाढवलेली सूची यांचा तिला पत्ता नसतो.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचा भाग पुढेच आहे. ग्रंथांचे रक्षण व्हावे म्हणून महानुभावांनी ते सांकेतिक लिप्यांत लिहायला आरंभ केला. त्यांपैकी सकळ लिपी सर्वांत प्रसिद्ध. तिची रचना रवळोबासांनी केली असे परंपरा मानते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह, अशा संकेतांवर ती आधारलेली आहे. या लिपीमुळे परक्याचा हात ग्रंथाला लागला नाही, आणि जुन्या भाषेचे रूप बरेचसे टिकून राहिले, असे अनेक अभ्यासक मानतात. मठ महाराष्ट्राबाहेर, थेट पंजाबात आणि काबूलपर्यंत पोहोचले, तसे ग्रंथही पोहोचले. म्हणजे प्रती अनेक होत्या आणि दूरदूरच्या ठिकाणी होत्या. संरक्षणाच्या कोणत्याही आधुनिक नियमात ही व्यवस्था बसली असती.

आणि तरीही एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वाचकाच्या दृष्टीने हे वाङ्मय जवळजवळ अस्तित्वातच नव्हते. पोथ्या शाबूत होत्या, अक्षरे स्वच्छ होती, वाचता मात्र कोणाला येत नव्हती. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी आणि पंथातील काही महंतांच्या औदार्याने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत किल्ली अभ्यासकांच्या हाती आली. मराठी गद्याचा इतिहास त्यानंतर नव्याने मांडावा लागला. म्हणजे शतकानुशतके ग्रंथ सुरक्षित असूनही मराठी साहित्याच्या इतिहासाला तो उपलब्ध नव्हता. किल्ली जर पंथातही कोणाजवळ उरली नसती तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. सर्व प्रती असूनही ग्रंथ नाही, अशी अवस्था झाली असती.

४

प्रती पुष्कळ असल्या की ग्रंथ सुरक्षित, ही समजूत पाठचिकित्सेने फार पूर्वी सोडली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. त्या कामाचा पाया घालणाऱ्या वि. सी. सुकथनकरांच्या पद्धतीचे मर्म हस्तलिखितांच्या वंशावळीत होते. एकाच आदर्श प्रतीवरून उतरवलेल्या वीस पोथ्या असतील, तर त्या वीस साक्षी होत नाहीत. ती एकच साक्ष वीस वेळा ऐकू येते. आदर्श प्रतीतला दोष त्या विसांतही उतरतो. म्हणून पोथ्या मोजायच्या नसतात, त्यांचे वजन पाहायचे असते.

संगणकाच्या जगाला हाच धडा वेगळ्या वाटेने मिळाला. १९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ ही कल्पना मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडायच्या, आणि एक बिघडली तरी काम थांबू द्यायचे नाही, असे तिचे स्वरूप. तिच्या एका प्रकारात दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच क्षणी लिहिला जातो. डिस्क यांत्रिक कारणाने बंद पडली तर ही व्यवस्था उत्तम. पण चुकीची आज्ञा देऊन फाइल पुसली, तर ती दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. सुकथनकरांच्या भाषेत सांगायचे तर या दोन स्वतंत्र साक्षी नव्हेत. म्हणूनच आरशासारख्या जोडडिस्कला सुटी प्रत समजू नये, असे जाणकार बजावत असतात.

या संदर्भात दोन घटना नमूद करण्यासारख्या आहेत. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना पिक्सार कंपनीत कोणीतरी दिलेल्या एका आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रतींकडे धाव घेतली तर त्याही काही काळापासून नीट तयार होत नव्हत्या असे आढळले. चित्रपट तेव्हा वाचला तो गॅलिन सस्मन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या यंत्रावर चित्रपटाची प्रत होती. दुसरी घटना जानेवारी २०१७ ची. ‘गिटलॅब’ या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने चुकून मुख्य विदागाराची फाइलदर्शिकाच काढून टाकली. प्रती घेण्याच्या अनेक व्यवस्था होत्या. पण नित्याची प्रत आवृत्तीतील फरकामुळे तयारच होत नव्हती, आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीने बराचसा मजकूर वाचला. मधल्या सहा तासांचा गेला.

दोन्ही ठिकाणी प्रत घेणारी व्यवस्था होती, पण ती प्रत कोणी उघडून पाहत नव्हते. कपाटात बांधून ठेवलेली पोथी दसऱ्याला पूजेपुरती बाहेर काढावी आणि आत वाळवी लागली आहे हे बांधणी सोडल्यावरच कळावे, तसाच हा प्रकार.

५

या चर्चेचा मराठीशी आजचा, निकडीचा संबंध आहे, आणि लेखाचे खरे प्रयोजन तेच आहे.

१९९० च्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षे मराठीतले बहुतेक टंकलेखन ज्या फॉन्टांत झाले, ते युनिकोडपूर्व काळातले किंवा त्या पद्धतीचे होते. ‘श्री-लिपी’, ‘आकृती’, ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ ही नावे आपल्या पिढीला परिचित आहेत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये ठरले होते, आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. पण व्यवहारात छपाईचे जग आपापल्या फॉन्टांवर चालले. त्यांची युक्ती अशी होती की, संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचाच राहायचा. फॉन्ट मात्र त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे, काना, मात्रा, अर्धा वर्ण असे काढून दाखवायचा. प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे. फॉन्ट काढून घेतला की उरते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन रांग.

ही सकळ लिपीच आहे, एवढाच फरक की ती हेतुपूर्वक रचलेली नाही. किती प्रबंध, किती लहान नियतकालिकांचे अंक, किती संपादित संहिता या लिपीत पडून आहेत! त्यांच्या फाइली सीडीवर आहेत, पेनड्राइव्हवर आहेत, मोठ्या डिस्कवर दोनदोनदा आहेत. पण त्या उघडण्यासाठी तो विशिष्ट फॉन्ट लागतो, पृष्ठरचनेचे जुने सॉफ्टवेअर लागते, ते चालेल अशी जुनी कार्यप्रणाली लागते. काही सॉफ्टवेअरांना तर संगणकाच्या मागे खोचायचे एक लहानसे कुलूपही लागत असे. हे सारे जेथे एकत्र नांदत होते ती जागा म्हणजे विभागातल्या जुन्या संगणकाची बूट डिस्क. संगणक मोडीत काढताना ‘फाइली उतरवून घेतल्या ना?’ असे विचारले जाते. फाइली उतरवलेल्या असतात. किल्ली मात्र यंत्राबरोबर भंगारात जाते.

यावर युनिकोडमध्ये रूपांतर हा उपाय आहे, आणि तो केलाच पाहिजे. परंतु रूपांतर म्हणजे नवे प्रतिलेखन होय. जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटीची जागा यांत परिवर्तकाकडून चुका होतात. मूळ पृष्ठ कसे दिसत होते हे पाहण्याची सोय उरली नसेल, तर त्या चुका पकडणार कशाच्या आधाराने? जुन्या संहितेचे संपादन करताना मूळ पोथी जपून ठेवतात, तशी ती जुनी बूट डिस्क, किंवा निदान तिची संपूर्ण प्रतिमा, जपून ठेवली पाहिजे.

६

आता व्यवहाराचे चार शब्द. घरच्या किंवा विभागाच्या सर्व्हरची सुटी बूट ड्राइव्ह ठेवायची तर केवळ फाइली उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकणे पुरत नाही. आरंभीच्या आज्ञा डिस्कच्या ठरलेल्या भागात असाव्या लागतात. आधुनिक यंत्रांत तर त्या कोठे शोधायच्या, याची एक नोंद मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत असते. डिस्कची नक्कल केली तरी ती नोंद नकलेत येत नाही. दुसऱ्या यंत्रावर ती नव्याने करावी लागू शकते. संपूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवली तर तिची ओळखसंख्याही उतरते. अशा दोन डिस्क एकाच वेळी जोडलेल्या राहिल्या की यंत्राचा गोंधळ उडतो आणि कोणत्या डिस्कवरून ते सुरू झाले हे सांगता येत नाही. म्हणून प्रत घेतल्यावर ती यंत्रापासून वेगळी काढून ठेवावी. वेगळी ठेवलेली प्रत विजेच्या झटक्यापासून आणि चुकीच्या आज्ञेपासूनही वाचते.

एकदा पूर्ण नक्कल झाल्यावर दर वेळी सर्व काही पुन्हा उतरवण्याची गरज नसते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेली ‘आरसिंक’सारखी साधने मूळ आणि प्रत यांची तुलना करून फक्त बदललेला भाग पाठवतात. दोन पोथ्या शेजारी ठेवून पाठभेद तेवढे टिपावेत, तसे हे काम आहे. सूचीचे विदागार चालू असताना मात्र त्याची प्रत घेऊ नये. लिहिता लिहिता उतरवलेले पान अर्धे जुने, अर्धे नवे निघते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. सुटी डिस्क यंत्राला लावून यंत्र खरोखर सुरू होते का, हे पाहिले पाहिजे. आमची सूचना अशी की, महाविद्यालयांनी हे काम प्रत्येक सत्राच्या आरंभी करावे. मूळ डिस्क काढून ठेवावी, प्रत लावावी, आणि एक जुना प्रबंध, त्याच्या जुन्या फॉन्टसह, पडद्यावर उघडून वाचावा. तो वाचता आला तर प्रत आहे असे म्हणावे. हे काम तंत्रज्ञावर न सोडता विभागातील एखाद्या अध्यापकाने दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन करावे, आणि काय काय केले ते एका वहीत मराठीत लिहून ठेवावे. महानुभावांच्या पोथ्यांची किल्ली टिकली ती गुरूने शिष्याला दिली म्हणून. आपल्या विभागांत ती आज किती जणांजवळ आहे, हे प्रत्येकाने मोजून पाहावे.